अंजदीवचे पांढरे निशाण

लोणार तालुक्यातील बीबी या गावापासून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. इथल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिला आहे तो पडद्यावर. तरीही पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उभे राहिले, तर पावलांचा एकसारखा आवाज ऐकू येतो. सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे सोळाशे मीटरची धाव घेत असतात. वाट्याला आलेली जमीन तुकड्यातुकड्यांची, पावसाचा नेम नाही, सोयाबीनच्या भावाचा त्याहून नाही. अशा घरातल्या मुलाला गणवेश हा सन्मानाचा आणि घासाचा एकच मार्ग दिसतो. त्यात गैर काही नाही. माझा वाद त्या मुलाशी नाही. त्याला आपण जे सांगतो, त्याच्याशी आहे.

याच गावी एका कुटुंबात संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर भरतीच्या तयारीत असलेल्या मुलाने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. ६ जून १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्या दिवसावरील चित्रपटातला तो प्रसंग होता. होड्यांचे पुढचे दार खाली पडते आणि पाण्यात पाय टाकण्यापूर्वीच तरुण पोरे कोसळू लागतात. मुलाचे वडील खांद्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "फादर, याले म्हणतात बलिदान! प्रभूनं तरी यापेक्षा येगळं काय केलं?"

मी चहा संपवला आणि काही बोललो नाही. धर्मगुरूचे असे मौन पुष्कळदा सौजन्य म्हणून खपून जाते. त्या दिवशी ते निव्वळ भित्रेपण होते. कारण त्या सद्‌गृहस्थांनी जे म्हटले ते त्यांना आम्हीच शिकवले आहे. प्रजासत्ताक दिनाच्या प्रवचनांतून, स्मरणिकांतून, शाळांच्या संमेलनांतून रणांगणावरील मृत्यू आणि क्रूसावरील मृत्यू एकाच दोरीत ओवण्याची सवय आम्हा धर्मगुरूंना लागली आहे. हा लेख त्या मौनाची भरपाई आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : शत्रूच्या गोळ्यांना सामोरा जाऊन किनाऱ्यावर उतरणारा जवान आपल्या आदरास, प्रार्थनेस आणि कृतज्ञतेस पात्र आहे, परंतु त्याच्या मरणाला ख्रिस्ताच्या बलिदानाचे नाव देणे ही धर्माची चूक आहे, आणि या चुकीचा लाभ जवानाला कधीच होत नाही. तो होतो त्याला होडीत बसवणाऱ्यांना.

'युद्धस्य कथा रम्या' असे आपण म्हणतो. या रम्यतेतही समुद्रकिनाऱ्यावरील चढाईचा मान मोठा, कारण ती पाहायला भव्य असते. तिचे गणित मात्र क्रूर आहे. बचाव करणारा जमिनीत, भिंतीमागे किंवा झाडीत दडलेला असतो. चढाई करणारा संथ होडीतून उघड्यावर येतो. त्याच्या पाठीशी पाणी, पुढे मोकळी वाळू. खंदक नाही, आडोसा नाही, माघार घ्यायला वाट नाही. जमिनीवरील लढाईत जवान कधी थांबू शकतो, कधी मागे सरकू शकतो. इथे होडी सुटली की त्याच्या हाती काही उरत नाही. त्याच्या जगण्यामरण्याचा निर्णय आधीच, दुसऱ्या कोणीतरी, बहुधा कोरड्या खोलीत नकाशासमोर उभे राहून घेतलेला असतो. या युद्धप्रकारात निर्णय घेणारा आणि तो भोगणारा यांच्यामध्ये अक्षरशः पाणी असते. म्हणूनच नीतीचा प्रश्न इथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही.

मराठी माणसाला हा अनुभव परका नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील एक ब्रिगेड मुंबईहून जहाजांतून निघाली आणि ६ नोव्हेंबर रोजी शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. युद्धनौकेच्या तोफांनी तुर्कांच्या तोफा आधीच गप्प केल्या होत्या, त्यामुळे उतरण्याची किंमत फार पडली नाही. ती पुढे पडली. त्याच डिव्हिजनला डिसेंबर १९१५ मध्ये कूत येथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या सुमारे तेरा हजारांना शरण जावे लागले. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांपैकी हजारो परत आले नाहीत. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या प्रिंकिपो बेटावर सन्माननीय पाहुण्यासारखा राहिला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

परंतु आपल्या ख्रिस्ती समाजाच्या अगदी दाराशी घडलेली अशी चढाई आणखी अलीकडची आहे, आणि तिच्याविषयी आपल्या धर्मग्रामांतून मी एक अक्षरही ऐकलेले नाही. ती अंजदीवची.

अंजदीव हे कारवारच्या किनाऱ्यासमोरचे एक लहानसे बेट. भूगोलाने कारवारचे, इतिहासाने गोव्याचे. १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे येथे थांबली. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला आणि थोड्याच काळात सोडून दिला. पुढे मुंबई बेट इंग्रजांना आंदण म्हणून देण्याचे ठरले, तेव्हा ते ताब्यात घेण्यास आलेले सर अब्राहम शिपमन यांचे सैनिक पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबईत उतरू न दिल्यामुळे याच बेटावर खितपत पडले. सुमारे चारशे माणसांपैकी १६६५ मध्ये मुंबईत पोहोचली ती सुमारे शंभर. खुद्द शिपमनही १६६४ मध्ये तेथेच मरण पावले. एकही लढाई न होता रोगराईने त्यांना खाल्ले. दोन दरबारांच्या पत्रव्यवहाराचा तो परिणाम होता. १६८२ मध्ये संभाजी महाराजांची नजर या बेटाकडे वळली असता पोर्तुगिजांनी घाईने ते पुन्हा व्यापून तटबंदी उभारली. त्या तटाच्या आत आपल्या मातेचे, नोस्सा सेन्योरा दास ब्रोतास, म्हणजे झऱ्यांच्या मातेचे मंदिर आहे, आणि असिसीच्या संत फ्रान्सिसचे एक कपेलही आहे. २ फेब्रुवारी आणि ४ ऑक्टोबर या सणांना भाविक होड्यांनी तेथे जात असत. बेट नौदलाच्या कारवार तळाकडे गेल्यावर सामान्य यात्रेकरूंची ती वाट मिटली.

नोव्हेंबर १९६१ मध्ये या बेटावरून 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. त्यानंतर एका मच्छिमाराला गोळी लागून मरण आले. डिसेंबरमध्ये भारत सरकारने गोव्यात सैन्य पाठवण्याचा निर्णय घेतला आणि अंजदीव ताब्यात घेण्याचे काम नौदलाकडे आले. १८ डिसेंबरच्या सकाळी 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौका बेटासमोर उभ्या राहिल्या. बेटावर उतरणारी तुकडी पायदळाची नव्हती. इंजिनाची, तोफांची, दोरखंडांची कामे करणारे ते खलाशी होते. हातात बंदुका घेऊन होड्यांतून निघाले. पहिली फळी किनाऱ्याला लागली. भारतीय नौदलाच्या इतिहासात नोंद आहे ती अशी की, बेटावर पांढरे निशाण दिसले आणि त्यानंतर दुसरी फळी किनाऱ्याजवळ येत असता तिच्यावर मशीनगनचा मारा झाला. सात नौसैनिक ठार झाले, अनेक जखमी झाले. मग जहाजांच्या तोफांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, बेट पूर्णपणे हाती आले.

ते पांढरे निशाण कोणी दाखवले आणि गोळी कोणी झाडली, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. एवढ्या लहानशा तुकडीतही एक हात निशाण उंचावतो आणि दुसरा हात चापावर असतो, हे मानवी स्वभावाला धरून आहे. पण परिणाम पाहा. पांढरे निशाण ही युद्धातली जवळजवळ शेवटची शपथ आहे. ती एकदा मोडली की पुढच्या निशाणावर कोणी विश्वास ठेवत नाही. मग शरण येणाऱ्यालाही मारले जाते आणि शरण घेणाऱ्यालाही. अशा शपथभंगाने मेलेल्या सात जणांना आपण 'धारातीर्थी पडले' असे म्हणून मोकळे होतो. तो शब्द आदराचा आहे खरा. परंतु त्या आदराच्या आड 'त्यांना का मरावे लागले' हा प्रश्न दडपला जातो.

आता त्या सद्‌गृहस्थांच्या विधानाकडे वळू. मित्रांसाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही, या अर्थाचे प्रभूचे वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे आणि जगभरच्या युद्धस्मारकांवर ते कोरलेले आढळते. कोरणाऱ्यांनी ते कोठून उचलले हे पाहिले असते तर छिन्नी थबकली असती. ते वचन शेवटच्या भोजनाच्या मेजावरचे आहे. ते उच्चारणाऱ्याने त्याच रात्री, काही घटकांनंतर, पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. आपल्या वतीने लढायला निघालेला एकुलता एक शिपाई त्याने थांबवला. स्वतःचा जीव देणे आणि दुसऱ्याचा जीव देण्याचा हुकूम सोडणे, यांत जे अंतर आहे ते त्या बागेत स्पष्ट झाले आहे.

किनाऱ्यावर धावणारा जवान आपल्या सोबत्याला वाचवण्यासाठी परत वळतो, जखमी मित्राला ओढत नेतो, त्याच्या अंगावर स्वतःला झोकून देतो. ती प्रीती खरी आहे आणि प्रभूचे वचन तिला लागू आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु तोच जवान हातात शस्त्र घेऊन समोरच्याला मारण्यासाठीही निघालेला असतो. समोरचाही कोणाचा तरी मुलगा असतो. अंजदीववर तर तो बहुधा बाप्तिस्मा झालेला, गळ्यात मरियेचे पदक घातलेला पोर्तुगीज शेतकऱ्याचा पोर होता. मरण्याची तयारी आणि मारण्याची तयारी या दोन्ही एकाच वेळी बाळगणे हे जवानाचे भयंकर ओझे आहे. ख्रिस्ताने पहिली स्वीकारली आणि दुसरी नाकारली. हा फरक आपण पुसून टाकला तर जवानाचे ओझे हलके होत नाही. उलट ते आहे हेच आपण नाकारतो. मग तो घरी परत येतो, रात्री झोपेतून दचकून उठतो, आणि आपल्या धर्मगुरूकडे पापनिवेदनाला यायलाही संकोचतो. कारण गावाने त्याला आधीच संत ठरवलेले असते. संताने कोणते पाप सांगायचे?

किनाऱ्यावर निःशस्त्र उतरणारेही असतात. २५ एप्रिल १९१५ रोजी गल्लीपोली द्वीपकल्पावर सेद्दुलबहिरच्या किनाऱ्याला डब्लिन फ्युझिलियर्सची पलटण उघड्या होड्यांतून उतरली. ही पलटण महायुद्धाला तोंड लागले तेव्हा मद्रासच्या छावणीत होती. तिच्याबरोबर फादर विल्यम फिन हे कॅथलिक धर्मगुरू होते. आपल्या माणसांबरोबर जाण्याचा त्यांनी आग्रह धरला. त्यांना गोळ्या लागल्या, आणि त्या अवस्थेतही ते मरणाऱ्या जवानांना पापक्षमा देत राहिले, अशी हकीकत त्यांच्या सोबत्यांनी सांगितली आहे. त्याच किनाऱ्यावर त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. रणांगणावर ख्रिस्ताची उपमा द्यायचीच असेल, तर ती कोठे शोभते हे यावरून कळावे.

ज्यांना हे सारे भाबडे वाटते त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "फादर, असेच बोलत राहिलात तर देशाचे रक्षण कोण करणार?" त्यांना माझे उत्तर असे की, ख्रिस्तसभा जवानाचा व्यवसाय पाप मानत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगितले नाही. लोकांना नाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे बजावले. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या श्रद्धेची प्रभूने जाहीर स्तुती केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सैनिकांना राष्ट्रांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक म्हटले आहे, आणि त्याच दस्तऐवजात, वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्याने अमानुष कृत्याला क्षमा नाही, असेही सांगितले आहे. आमच्यातले जे काही विद्वान युद्ध म्हटले की जवानालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, त्यांच्याशीही म्हणून माझे जमत नाही. त्यांचे हात स्वच्छ आहेत, कारण त्यांच्या वाटणीचे रक्षण दुसऱ्याच्या मुलाने केले आहे. 'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी' ही म्हण शौर्याची पूजा करणाऱ्यांना जशी लागू आहे, तशीच शांतीची पोपटपंची करणाऱ्यांनाही.

भारताची बाजू न्याय्य होती का, हेही विचारले जाईल. माझ्या मते होती. पोर्तुगालशी वाटाघाटींचे प्रयत्न वर्षानुवर्षे झाले आणि लिस्बनने ऐकून घेण्याचेही नाकारले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. १९६१ नंतर कित्येक वर्षे आपल्या काही कॅथलिक घरांतून 'पोर्तुगिजांचे दिवस' आठवून उसासे टाकले जात, आणि त्यामुळे आपल्या देशनिष्ठेविषयी शेजाऱ्यांच्या मनात शंका उगवे. या दोन्ही गोष्टींना एकच उत्तर आहे : गोव्यातील ख्रिस्ती श्रद्धा पोर्तुगालच्या झेंड्यावर टांगलेली नव्हती. झेंडा उतरला, मिस्सा चालू राहिली.

पण बाजू न्याय्य असली म्हणजे समोरच्याचे रक्त पाणी होत नाही. आणि इथे मी माझ्या वादाच्या गाभ्याशी येतो.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हा कॅथलिक होता. नुसता कॅथलिक नव्हे. तरुणपणी तो विझेउच्या सेमिनरीत शिकला होता. म्हणजे ज्या प्रकारच्या शाळेत मी शिकलो, त्याच प्रकारच्या शाळेत. तत्त्वज्ञान, न्याय्य युद्धाचे निकष, संत ऑगस्टीन, संत थॉमस हे सारे त्याच्या कानांवरून गेले असणार. त्याने १४ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना संदेश पाठवला. त्याचा आशय असा की शरणागतीचा विचार नको. पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. विजय अशक्य आहे हे त्यालाही माहीत होते. गोव्यात पोर्तुगालचे काही हजार सैनिक. समोर भारताचे कित्येक पटींनी मोठे सैन्य, नौदल आणि विमाने. म्हणजे त्याला हवे होते ते प्रेतांचे ढीग, जगाला दाखवण्यासाठी. त्यालाही तो 'बलिदान' हाच शब्द वापरत होता.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात बचावाच्या युद्धालाही अटी घातल्या आहेत, आणि त्यांतली एक अशी की यशाची गंभीर शक्यता असली पाहिजे. ही अट हिशेबी माणसाची वाटते. वस्तुतः ती दयेची अट आहे. यश शक्य नसताना माणसे मरू देणे म्हणजे त्यांना हेतूविना जाळणे. धुराला सुगंध यावा म्हणून माणसे जाळणारा देव आपला नव्हे. अब्राहामाचा हात त्याने वरच्या वर धरला होता.

वासालो इ सिल्वा यांनी तो हुकूम मोडला. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागती पत्करली. दोन दिवसांच्या त्या मोहिमेत भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० जवान मेल्याची नोंद आहे. हुकूम अक्षरशः पाळला असता तर हे आकडे हजारांत गेले असते, आणि त्यांत पणजी-मडगावच्या, जुन्या गोव्याच्या सामान्य माणसांची भर पडली असती. गव्हर्नर जनरल आपल्या चार हजारांहून अधिक माणसांबरोबर युद्धकैदी झाले. मे १९६२ मध्ये त्या सर्वांची परत पाठवणी झाली. मायदेशी त्यांचे स्वागत अपमानाने झाले आणि १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांची पत त्यांना परत मिळाली. १९८० मध्ये ते गोव्याला आले, तेव्हा गोवेकरांनी त्यांना प्रेमाने वागवले. ज्यांच्याविरुद्ध त्यांनी शस्त्र धरायचे होते, त्यांनीच.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने एका राजाचा दाखला दिला आहे. वीस हजारांनिशी चालून येणाऱ्या शत्रूशी आपण दहा हजारांनिशी टिकू की नाही, याचा तो राजा आधी बसून विचार करतो. आणि टिकणार नसेल तर शत्रू दूर आहे तोवर वकील पाठवून सलोख्याच्या अटी विचारतो. प्रभूने हा दाखला शिष्यत्वाची किंमत मोजण्याविषयी दिला, हे मला ठाऊक आहे. पण त्याने उदाहरण म्हणून शहाणा राजा निवडला, हेही नाकारता येत नाही. त्याला भ्याड राजा म्हणणारे आपण कोण?

मात्र शरण जाणे हाच सद्गुण, असा सोपा धडाही कोणी घेऊ नये. कूतचा टाउनशेंडही शरण गेला होता. त्याने माणसे शत्रूच्या हवाली केली आणि स्वतः बेटावर सुखात राहिला. सालाझार माणसे मारायला तयार होता आणि स्वतः लिस्बनमध्ये सुरक्षित होता. दोघांचा दोष एकच : आपल्या हुकमाची फळे त्यांनी स्वतः चाखली नाहीत. वासालो इ सिल्वा यांनी माणसे वाचवली, त्यांच्याबरोबर कैद भोगली, आणि त्याची शिक्षाही एकट्याने सोसली. स्वतःचे देणे आणि दुसऱ्याचे देणे यांतला जो फरक गेथशेमानीच्या बागेत दिसतो, त्याच्या जवळपास जाणारे काही या साऱ्या प्रकरणात असेल, तर मला ते या हरलेल्या सेनापतीत दिसते. हे म्हणताना मी त्या सात खलाशांचा मान तसूभरही कमी करत नाही. उलट मी विचारतो, अंजदीववर दुपारी जे शहाणपण आले ते सकाळी आले असते, तर ते सात जण आज नातवंडांत बसलेले नसते का?

आणि म्हणून संत फ्रान्सिसच्या त्या कपेलाची आठवण मला वारंवार होते. असिसीचा फ्रान्सिस तरुणपणी शस्त्र घेऊन लढाईला गेला होता आणि कैदेतही पडला होता. पुढे १२१९ मध्ये धर्मयुद्धाची सेना नाईलच्या मुखाशी दमिएत्ता शहरासमोर तळ देऊन बसली असता, हा फकीर एका सोबत्याला घेऊन, शस्त्राविना, शत्रूच्या गोटात सुलतान मलिक अल-कामिलला भेटायला गेला आणि सुखरूप परत आला. त्याने युद्ध थांबवले नाही. पण किनाऱ्यावरून पुढे जाण्याचा दुसराही मार्ग असतो, एवढे त्याने दाखवले. त्याच्या नावाचे कपेल ज्या बेटावर, त्याच बेटावर निशाणाचा विश्वासघात व्हावा, हे आपल्याला डाचले पाहिजे.

नुसते डाचून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली : दरवर्षी १८ डिसेंबरला, आगमनकाळाच्या त्या शेवटच्या आठवड्यात, आपल्या धर्मग्रामांतून एक मिस्सा त्या सात नौसैनिकांसाठी अर्पण व्हावी, आणि त्याच मिस्सेत त्या दोन दिवसांत मेलेल्या पोर्तुगीज जवानांसाठीही प्रार्थना व्हावी. ते सात जण कोणत्या धर्माचे होते, हे विचारू नये. आपल्या मातेच्या मंदिराच्या पायथ्याशी ते मेले, एवढे नाते पुरेसे आहे.

दुसरी : भरतीला निघालेल्या मुलाला आम्ही आशीर्वाद देतो, गळ्यात पदक घालतो. त्याबरोबर त्याला हेही शिकवावे की शरण आलेल्याला मारायचे नाही. पांढऱ्या निशाणाआडून गोळी झाडायची नाही. कैद्याला आणि जखमीला हात लावायचा नाही. आणि कोणी तसा हुकूम दिला तर तो पाळायचा नाही. हे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम आहेत, आणि त्याआधी ते पाचव्या आज्ञेचे पोटकलम आहेत. दृढीकरणाच्या वर्गात याला अर्धा तास मिळू नये?

तिसरी : प्रवचनपीठावरून 'बलिदान' हा शब्द आम्ही धर्मगुरूंनी जपून वापरावा. वेदीवर जो शब्द आपण दररोज उच्चारतो, तो राजकारण्याच्या भाषणाला उसना देऊ नये. उसना दिलेला शब्द मळून परत येतो.

त्या बीबीच्या मुलाने पडदा बंद केला, तेव्हा मला विचारले होते, "फादर, तुम्ही त्या होडीत असता तर उतरला असता का?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. प्रामाणिक उत्तर असे की मला माहीत नाही. पण त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्याने मला नव्हे, मोठेपणी आपल्यावर हुकूम सोडणाऱ्या प्रत्येकाला विचारावा अशी माझी इच्छा आहे : "साहेब, मी उतरतो. पण यातून काय साधणार आहे, आणि तुम्ही कोठे असाल?"

उद्या पहाटे तो पुन्हा रस्त्यावर धावत असेल. त्याची धाव वेळेत पूर्ण होवो, त्याची निवड होवो, आणि त्याच्या वाट्याला असा किनारा कधी न येवो, अशी मी प्रार्थना करतो. आणि तो आलाच, तर समोर फडकणारे पांढरे निशाण खरे असो.